नवी स्प्रिंग, नवी कुरकुर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातील एका सहकाऱ्यांनी आपल्या छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकांना बाजारातून आणलेल्या नव्या स्प्रिंगा आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बसवून घेतले. स्प्रिंगा मूळच्यापेक्षा ताठ आणि आखूड होत्या. गाडीचे नाक सुमारे ४० मि.मी. खाली आले, वळणावर गाडी कमी कलू लागली आणि त्यांचे चिरंजीव खूश झाले. पण आठवड्याभरातच तीन तक्रारी सुरू झाल्या. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवले की पुढून ‘टण्ण’ असा आवाज येई, खड्ड्यांवर कुरकुर होई आणि स्टिअरिंगवरचा हात सैल सोडला की गाडी डावीकडे जाई. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगची सगळी यंत्रणाच बदलायला सांगितली. खर्च मोठा होता, आणि चार दिवसांनी आंबा घाट उतरून सहकुटुंब रत्नागिरीला जायचे होते. मी काही मिस्त्री नव्हे. पण तीन तक्रारी एकाच दिवसापासून सुरू झाल्या असतील, तर त्या दिवशी ज्याला हात लागला तेथे आधी पाहावे, एवढे प्रयोगशाळेत शिकलो आहे.

प्रथम स्प्रिंगचा हिशोब पाहू. हूकचा नियम तुम्ही शिकला आहातच : स्प्रिंग जितकी दबेल तितके तिचे बल वाढते. समजा, एका पुढच्या चाकावर गाडीचा २५० कि.ग्रॅ. भार आहे आणि जुनी स्प्रिंग १ मि.मी. दाबायला २० न्यूटन बल लागते. बलस्थिरांक झाला दर मीटरला २०,००० न्यूटन. त्याला २५० ने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने भागा; दर सेकंदाला सुमारे १.४ आंदोलने येतात. नव्या स्प्रिंगसाठी २० च्या जागी ३० घ्या, उत्तर १.७ च्या वर जाते. आपले शरीर चालण्याच्या लयीला सरावलेले असते. आंदोलने त्याहून जलद होऊ लागली की गाडी ‘आपटते’ असे वाटते. हा दोष नव्हे, हा ताठ स्प्रिंगचा स्वभाव आहे. दोष वेगळे आणि स्वभाव वेगळा, हे आधी ठरवले नाही तर शोध भरकटतो.

आता ‘टण्ण’ आवाज. छोट्या गाड्यांत पुढे बहुधा मॅकफर्सन पद्धतीची रचना असते. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीभोवतीच स्प्रिंग असते आणि स्टिअरिंग फिरवले की नळी, स्प्रिंग, चाक सारे एकत्र फिरते. वरच्या टोकाला त्यासाठी एक बेअरिंग असते. स्प्रिंगचे खालचे टोक बशीतल्या एका पायरीला टेकून बसावे लागते. आम्ही साधा खडू घेतला. दोन्ही बाजूंना स्प्रिंग आणि बशी यांवरून एक सरळ रेघ ओढली व स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला सांगितले. उजवीकडची रेघ अखंड राहिली. डावीकडची मात्र ‘टण्ण’ होताच तुटली. म्हणजे डावी स्प्रिंग आधी पिळली जात होती आणि पीळ घर्षणाला भारी झाला की घसरत होती. वाकून पाहिले तर तिचे टोक पायरीला टेकण्याऐवजी पायरीवर चढून बसलेले!

लगेच दुसरी गोष्ट सुचली. टोक पायरीवर चढले असेल तर ती बाजू उंच राहायला हवी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टीने मोजले : डावी बाजू ८ मि.मी. उंच! गाडी उंच राहिली की या रचनेत चाकाचा माथा किंचित बाहेर कलतो. रुपयाचे नाणे तिरपे करून घरंगळू द्या. ते ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळते. डावे चाक उजव्यापेक्षा बाहेर कललेले, म्हणून गाडी डावीकडे. (अर्थात आपले रस्ते मधोमध उंच असतात आणि आपण डावीकडून चालतो, तेव्हा थोडी ओढ रस्त्याचीही असते. म्हणून ही परीक्षा सपाट मैदानावर घ्यावी. आम्हीही तशीच घेतली.)

कुरकुरीचे कारण मला सर्वांत गमतीचे वाटले. खालचा आडवा दांडा, म्हणजे आर्म, गाडीला रबरी बुशने जोडलेला असतो. बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते. दांडा वरखाली झाला की रबरच पिळते आणि सोडले की उलट फिरते. फिटरने गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते. गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहिले. ते कुरकुरते आणि पुढे फाटते. उपाय फुकटचा : बोल्ट सैल करायचे, गाडी आपल्या चाकांवर उभी करायची आणि मग आवळायचे.

राहिला टायरॉड. समजा तो ३०० मि.मी. लांब आहे, आर्म ३५० मि.मी. लांब आहे आणि दोन्ही आधी आडवे होते. गाडी ४० मि.मी. खाली बसली. पायथागोरस वापरा : टायरॉडची आडवी पोच २.७ मि.मी. कमी होते, आर्मची २.३ मि.मी. फरक जेमतेम ०.४ मि.मी.! पण चाक वळवणारा हात १२० मि.मी. लांब असेल, तर या फरकाने चाक इतके तिरपे होते, की किलोमीटरभर अंतरात ते तीन मीटरांहून अधिक आडवे फरफटते. टायर एका कडेने का झिजतो ते आता कळले असेल. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. गॅरेजने ती केलीच नव्हती. मात्र ती सर्वांत शेवटी करायची, कारण स्प्रिंग नीट बसल्याशिवाय उंचीच ठरत नाही.

स्प्रिंग उतरवण्याचे काम आम्ही स्वतः केले नाही, तुम्हीही कधी करू नका. २० न्यूटनची ती जुनी स्प्रिंग १५० मि.मी. दाबली तर तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलोचे वजन दाराच्या चौकटीहून उंचावरून पडावे, तितकी! दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने योग्य अवजाराने ती दाबून टोक पायरीला टेकवले, बुश सैल करून पुन्हा आवळले आणि अलाइनमेंट करून दिली. स्टिअरिंगच्या यंत्रणेला हातही लावावा लागला नाही.

सहकारी रत्नागिरीला जाऊन आले. घाटात गाडी सरळ चालली, आवाज नाही. मागे बसलेल्या त्यांच्या मातोश्रींनी मात्र दर खड्ड्याला तक्रार केली. त्यावर उपाय एकच होता, जुन्या स्प्रिंगा परत बसवणे. आणि तो चिरंजीवांना मान्य नव्हता.