हलका स्वर

सभेत गोंगाट वाढला म्हणजे वक्ता आपला आवाज चढवतो. त्याचा आवाज चढला, की श्रोत्यांचाही चढतो. आणि अखेरीस कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. अमेरिकेतील चार वादकांपुढे एकदा असाच प्रसंग उभा राहिला. परंतु त्यांनी त्यावर अगदी उलटा उपाय योजला. तो उपाय कोणता, हे समजण्यासाठी प्रथम त्यांच्या संगीताची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

या वादकांच्या संचाचे नाव ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’, म्हणजे आधुनिक जॅझ वाजवणारे चौघे. जॅझ हा संगीतप्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः न्यू ऑर्लीन्स या शहरात, आकाराला आला. ज्या आफ्रिकी लोकांना गुलाम करून जहाजांतून अमेरिकेत नेण्यात आले होते, त्यांच्या वंशजांनी तो घडवला. शेतांत राबताना म्हटलेली गाणी, प्रार्थनामंदिरांतील भजने आणि मिरवणुकींतील बँडचे वादन यांचे संस्कार त्यावर झाले होते. सन १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पण अपमान मात्र संपले नाहीत. पुढे कित्येक वर्षे दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना शाळेत, आगगाडीत आणि उपाहारगृहात वेगळे बसावे लागे. त्यांचे संगीत सर्वांना हवे असे. परंतु ते ऐकायचे ते मद्यगृहांत आणि नृत्यगृहांत, खातापिता आणि गप्पा मारता मारता! बाख किंवा मोझार्ट यांच्या रचनांसाठी लोक सभागृहात श्वास रोखून बसत. तसा मान जॅझच्या वाट्याला क्वचितच येई.

या दोन संगीतांत आणखीही एक मोठा भेद आहे. युरोपच्या अभिजात संगीतात बहुधा रचनाकाराने जे स्वर लिहून ठेवले असतील, तेच वादकाने वाजवायचे असतात. जॅझमध्ये मात्र, आपला ख्यालगायक जसा बंदिशीच्या आधाराने नवनवे आलाप व ताना घेतो, तसा वादक ठरलेल्या धुनेच्या आधाराने ऐन वेळी नवे स्वर रचत जातो. एका संगीतात रेखीवपणा अधिक, तर दुसऱ्यात उत्स्फूर्तता अधिक. ही दोन्ही एकत्र नांदतील काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या वादकांपैकी काही जण सन १९४६ मध्ये डिझी गिलेस्पी या प्रसिद्ध ट्रम्पेटवादकाच्या मोठ्या वाद्यवृंदात एकत्र आले. त्या वाद्यवृंदातील ट्रम्पेटवादकांना फार उंच पट्टीत वाजवावे लागे आणि त्यामुळे त्यांचे ओठ थकून जात. त्यांना विसावा मिळावा म्हणून पियानो, व्हायब्रफोन, डबल बास आणि ड्रम या चार वाद्यांचे वादन मध्येच होत असे. दुसऱ्यांच्या विश्रांतीसाठी सुरू झालेल्या या छोट्या वादनातूनच पुढे एक स्वतंत्र संच जन्माला आला. सन १९५२ मध्ये त्याने आपले नवे नाव धारण केले.

जॉन लुइस हे पियानोवादक आणि संचाचे मुख्य रचनाकार. ते वृत्तीने शांत व शिस्तप्रिय होते. जॅझइतकेच बाख या थोर जर्मन रचनाकाराच्या संगीतावरही त्यांचे प्रेम होते. मिल्ट जॅक्सन व्हायब्रफोन वाजवत. या वाद्यात धातूच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात व त्यांवर छोट्या काठ्यांनी आघात करतात. पट्ट्यांखालच्या नळ्यांत विजेच्या साहाय्याने लहान चकत्या फिरत राहतात. त्यामुळे स्वराला कंप येतो. जॅक्सन या चकत्या संथ फिरू देत. लहानपणी प्रार्थनामंदिरात गायिलेल्या या कलावंताचे धातूचे वाद्यही मग माणसाच्या गळ्यासारखे गाऊ लागे. डबल बास वाजवणारे पर्सी हीथ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लढाऊ वैमानिकाचे शिक्षण पुरे केले होते. ड्रमवादक केनी क्लार्क हे होते. सन १९५५ मध्ये त्यांची जागा कॉनी के यांनी घेतली.

या चौघांनी वादनाप्रमाणेच इतर कामेही वाटून घेतली होती. संगीताची जबाबदारी लुइस यांची, लोकसंपर्काची जॅक्सन यांची, जमाखर्चाची हीथ यांची आणि प्रवास व मुक्काम यांची के यांची. काळा औपचारिक पोशाख नीटनेटका करून चौघे व्यासपीठावर येत. त्यांच्या चालण्यात, बसण्यात, नमस्कारात एक प्रकारची आदब असे. ‘आम्ही येथे करमणुकीचे सामान म्हणून आलेलो नाही, कलावंत म्हणून आलो आहोत,’ हेच जणू ते न बोलता सांगत असत.

तरीही आरंभीच्या दिवसांत श्रोत्यांना शांत करणे सोपे नव्हते. रात्रीच्या उपाहारगृहांत चौघे वाजवू लागले, तरी लोकांच्या गप्पा थांबत ना. अशा वेळी काय केले, ही आठवण हीथ यांनी पुढे सांगितली आहे. या वादकांनी आपला आवाज वाढवला नाही. उलट ते अधिकाधिक हळू वाजवू लागले. मग बोलणाऱ्यांच्या एकाएकी ध्यानात येई, की संगीतापेक्षा आपलाच आवाज मोठा आहे! ते ओशाळून गप्प होत आणि कान देऊन ऐकू लागत. असे एकेका रात्री श्रोते जिंकत जिंकत हे चौघे युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या सभागृहांत जाऊन पोहोचले.

त्यांच्या संगीतात दोन प्रवाहांचा मिलाफ कसा होई? बाखच्या काळी ‘फ्यूग’ नावाचा रचनाप्रकार भरभराटीस आला होता. त्यात एक वाद्य एक धून आरंभते, ते पुढे गेले, की दुसरे तीच धून घेऊन त्याच्या मागे लागते, मग तिसरे. जणू स्वरांचा पाठशिवणीचा खेळच! लुइस यांनी ‘व्हांदोम’ आणि ‘काँकॉर्ड’ या रचना याच पद्धतीने बांधल्या. पॅरिस शहरातील दोन चौकांची ही नावे आहेत. मात्र त्या रचनांत लिहिलेल्या भागांच्या मधे मोकळी जागा ठेवलेली असे, आणि तेथे जॅक्सन मनमुराद नवे स्वर उधळीत. पक्क्या काठांमधून खळाळत जाणाऱ्या नदीसारखे ते वादन वाटे.

सन १९५४ मधील ‘जँगो’ ही लुइस यांची रचना विशेष गाजली. जँगो राइनहार्ट हे युरोपातील थोर गिटारवादक. आगीत भाजल्यामुळे त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. तरी उरलेल्या बोटांच्या बळावर त्यांनी अद्वितीय कौशल्य मिळवले. सन १९५३ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ रचलेल्या या संगीताचा आरंभ संथ आणि गंभीर आहे. पुढे प्रत्येक वादक आपल्या परीने त्यात रंग भरतो आणि शेवटी तीच गंभीर धून परत येते. पुढे सन १९७३ मध्ये त्यांनी बाखला अशीच स्वरांजली वाहिली. जर्मन स्वरलिपीत ‘बाख’ या नावातील चारही अक्षरे चार स्वरांची नावे आहेत. त्यांतील एकेका स्वराला षड्ज मानून त्यांनी चार ‘ब्लूज’ वाजवले. ब्लूज ही कृष्णवर्णीय अमेरिकनांनी आपले दुःख गाण्यासाठी घडवलेली गीते होत. राजदरबारी आणि प्रार्थनामंदिरात वाढलेले संगीत आणि गुलामांच्या नातवंडांची गाणी येथे एका पंक्तीस बसली.

असे मिश्रण सर्वांनाच रुचले असे नाही. जॅझची ऊब यात उरली नाही, असे काही जॅझप्रेमी म्हणत. खुद्द जॅक्सन यांनाही लुइस यांची काटेकोर बांधणी कधी कधी जाचक वाटे. सन १९७४ मध्ये ते संचातून बाहेर पडले आणि संच विसर्जित झाला. परंतु सन १९८१ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले. लुइस यांची शिस्त आणि जॅक्सन यांची मोकळीक यांतील ओढाताण हेच कदाचित त्या संगीताचे बळ असावे. कोणी आपले वेगळेपण टाकले नाही आणि कोणी दुसऱ्याचे दडपलेही नाही. सन १९९४ मध्ये के यांचे निधन झाले. चौघांपैकी शेवटचे हीथ सन २००५ मध्ये गेले.

त्यांचे ध्वनिमुद्रित संगीत मात्र आजही ऐकावयास मिळते. ज्यांच्या पूर्वजांचे बोलणे कोणी ऐकून घेतले नव्हते, त्यांनी साऱ्या जगाला ऐकावयास लावले, आणि तेही आवाज न चढवता!

शब्दार्थ
उत्स्फूर्तता – आतून आपोआप सुचणे
आदब – सभ्य व मर्यादशील वागणूक
निवर्तणे – मरण पावणे
विसर्जित होणे – मोडणे, बरखास्त होणे

स्वाध्याय
१. जॅझ व युरोपचे अभिजात संगीत यांत कोणता मुख्य भेद आहे?
२. गप्पा मारणाऱ्या श्रोत्यांना या वादकांनी कसे शांत केले? तो उपाय का यशस्वी झाला?
३. ‘पक्क्या काठांमधून खळाळत जाणाऱ्या नदीसारखे ते वादन वाटे.’ येथे काठ कोणते व नदी कोणती, ते स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कान देणे, एका पंक्तीस बसणे, श्वास रोखणे.
५. आवाज न चढवता कोणी आपले म्हणणे पटवून दिल्याचा तुम्ही पाहिलेला प्रसंग दहा ओळींत लिहा.