मामूंच्या बोटीचे इंजिन

(यांत्रिक बोटीच्या पोटातील इंजिन कसे काढतात आणि नवे कसे बसवतात, याची एका शिक्षकाने सांगितलेली ही हकिकत आहे.)

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्या नृसिंहवाडीला एकमेकींना मिळतात. घाटावर दत्ताचे देऊळ आहे. पावसाळ्यात पाणी चढले, की ते देवळात शिरते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. तो सोहळा पाहायला लांबून लोक येतात. नदीकाठच्या शेतकऱ्यांची मात्र त्या दिवसांत वेगळीच धावपळ चालू असते. पाण्याजवळ बसवलेल्या मोटारी आणि पंप त्यांना काढून वर आणावे लागतात. चिखलाची उतरण, वरून पाऊस आणि जड मोटार!

एकदा मी आठवीच्या मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. पाच माणसे दोर लावून अशीच एक मोटार ओढत होती. एका मुलाने विचारले, “सर, एवढ्याशा मोटारीला पाच माणसे लागतात, मग बोटीचे इंजिन कसे काढत असतील?”

प्रश्न चांगला होता. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यात बचावाच्या बोटी आल्या होत्या. त्यांतील कितीतरी बोटींची इंजिने मागच्या बाजूला बाहेर लटकवलेली होती. असे इंजिन दोघेतिघे मिळून उचलू शकतात. पुराच्या पाण्याखाली कुंपणे, तारा, झाडांच्या फांद्या असतात. काही अडकले, तर ते इंजिन तिरपे करून पंखा पाण्याबाहेर काढता येतो. समुद्रात मासेमारी करणाऱ्या मोठ्या बोटीचे इंजिन मात्र तिच्या पोटात असते. तेथे ते लाटांपासून सुरक्षित राहते आणि त्याचे वजन खाली असल्यामुळे बोट स्थिर राहते. पण ते काढायचे म्हटले, की खरी परीक्षा!

ही परीक्षा मी २०१६ साली पाहिली. मी नुकताच बी.एड. झालो होतो. माझे आजोळ रत्नागिरीचे. तेथे रत्नदुर्ग किल्ल्याच्या जवळ मिरकरवाडा बंदर आहे. माझ्या मामूंची तेथे एक ट्रॉलर होती. बोटीच्या मालकाला तिकडे ‘नाखवा’ म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका वाटू नये. उर्दूतला ‘नाखुदा’ तो हाच. ‘बंदर’ आणि ‘दर्या’ हेही शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहेत.

जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दुरुस्तीची कामे तेव्हाच होतात. मामूंचे जुने इंजिन थकले होते. खाऱ्या पाण्याने ते आतून खाल्ले होते. मार्च महिन्यात ते भर समुद्रात बंद पडले, तेव्हा दुसऱ्या बोटीने दोर बांधून यांना ओढत आणले. म्हणून मामूंनी कर्ज काढून नवे इंजिन घेतले होते. १ ऑगस्टला समुद्र खुला होणार होता आणि कर्जाचा पहिला हप्ताही ऑगस्टमध्येच भरायचा होता.

ईद झाली आणि काम सुरू झाले. बोट किनाऱ्यावर ओढून तिला दोन्ही बाजूंनी टेकू दिले होते. वर ताडपत्री होती. काम करणारे मिस्त्री साठीच्या पुढचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मला वाटले, आल्या आल्या ते पान्हा हातात घेतील. पण त्यांनी माझ्याकडे रंगीत दोरे मागितले! प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी एकाच रंगाचा दोरा बांधला. मग बॅटरी सोडवली, डिझेलचा कॉक बंद केला, थंड पाण्याच्या आणि धुराच्या नळ्या काढल्या. उघड्या तोंडांत स्वच्छ फडक्याचे बोळे बसवले. शेवटी इंजिन आणि पंख्याचा लोखंडी दांडा जेथे जोडलेला असतो, ते बोल्ट काढले.

इंजिन केबिनच्या खाली होते. केबिनच्या फळ्या काढल्यावरच वर वाट मोकळी झाली. गिअरबॉक्ससह ते वजन अर्ध्या टनाहून अधिक होते. जाड तुळईला साखळीची कप्पी, म्हणजे चेन ब्लॉक टांगला. या कप्पीची साखळी आपण हातभर ओढावी, तेव्हा वजन जेमतेम बोटभर उचलते. पण त्यामुळेच एकटा माणूस एवढे ओझे उचलू शकतो. “कोणीही खाली उभे राहायचे नाही,” चाचा ओरडले. मामूही मुकाट्याने बाजूला झाले. अर्ध्या तासाने इंजिन बाहेर आले.

रिकाम्या जागेत चाचा उतरले. इंजिन ज्या दोन लाकडी तुळयांवर बसते, त्यांच्यावर त्यांनी हातोडीने ठोकले. एका तुळईचा आवाज खणखणीत आला. दुसरीचा आला नाही. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. बोल्टांच्या भोकांतून पाणी मुरून लाकूड कुजले होते.

आता मोठा पेच पडला. बोट पाण्यात ढकलायची तर उधाणाची भरती हवी. ती अमावास्येला आणि पौर्णिमेला येते. १९ जुलैला पौर्णिमा होती. कुजक्या तुळईला पत्रा ठोकून काम उरकले असते, तर ती भरती साधली असती. तुळई बदलायची, तर २ ऑगस्टच्या अमावास्येपर्यंत थांबावे लागणार होते.

“चाचा, हे एक वर्ष पत्र्यावर निघेल का हो?” मामूंनी विचारले.

“निघेल किंवा निघणार नाही,” चाचा म्हणाले. “बोटीवर तुमची माणसे किती असतात?”

“सात.”

चाचा पुढे काही बोलले नाहीत. मामू रात्रभर जागे होते. सकाळी ते स्वतःच सुताराकडे गेले आणि सागवानाचे लाकूड घेऊन आले.

नव्या तुळईवर नवे इंजिन उतरवले. त्याच्या पायांची भोके जुन्यांशी जुळत नव्हती, ती नव्याने पाडली. मग सर्वांत नाजूक काम आले. इंजिनाकडची चकती आणि दांड्याकडची चकती समोरासमोर अगदी सरळ यायला हव्यात. चाचांनी त्यांच्या फटीत पातळ पोलादी पट्ट्या घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजले. फटीत फरक फार तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका चालतो. वहीचा कागद साधारण तेवढाच जाड असतो. फरक जास्त राहिला, तर दांडा थरथरतो आणि बोल्ट तुटतात.

अमावास्येच्या भरतीला बोट तरंगली. शेजारच्या बोटी केव्हाच गेल्या होत्या. मामूंना लगेच निघायचे होते, पण चाचांनी अडवले. जमिनीवर बोटीचा भार मोजक्या ठिकाणी असतो; पाण्यात तिला सगळीकडून आधार मिळतो आणि तिचा आकार किंचित बदलतो. म्हणून मोजमाप पुन्हा घ्यावे लागते. दुसऱ्या दिवशी चाचांनी पट्टी घातली. किनाऱ्यावर जुळलेली फट खरोखरच सरकली होती! ती सुधारून त्यांनी बोल्ट आवळले.

इंजिन सुरू झाले. थंड पाणी बाहेर पडते ना, हे आधी पाहिले. मग दांडा जेथे तळातून समुद्रात जातो, तेथे चाचांनी बॅटरीचा उजेड पाडला. तेथून पाणी ठिबकत होते.

“गळते आहे!” मी घाबरून म्हणालो.

चाचा हसले. “गळलेच पाहिजे. तिथल्या दोरीला पाणी मिळाले नाही, तर ती जळेल. पण धार नको, थेंब हवेत.”

आपल्या नदीकाठच्या पंपालाही अशीच ग्लँडची दोरी असते, हे मला तेव्हा आठवले. मामू घड्याळ हातात धरून तेथे वाकून बसले होते आणि मिनिटाला किती थेंब पडतात, ते मोजत होते.

शब्दार्थ : उतरण – उतार. पेच – अडचण. उधाण – मोठी भरती. तुळई – जाड लांब लाकूड. कुजणे – सडणे. मुरणे – आत झिरपणे.

स्वाध्याय
१. चाचांनी सुरुवातीला रंगीत दोरे का मागितले?
२. “बोटीवर तुमची माणसे किती असतात?” असे चाचांनी का विचारले असेल?
३. बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा मोजमाप का घ्यावे लागले?
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले समुद्राविषयीचे शब्द पाठातून शोधा. त्यांत तुम्हांला माहीत असलेले आणखी दोन शब्द मिळवा.