गादी घेताना : कठीण की मऊ?

'डॉक्टर, कंबर दुखते. कोणती गादी घेऊ?' हा प्रश्न दवाखान्यात नेहमी कानावर येतो आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही तो असतोच. विचारणाऱ्याने बहुधा दुकानात चौकशी केलेली असते. 'ऑर्थोपेडिक' असे छापलेली एक जाडजूड गादी पाहिलेली असते, किंमत ऐकून घरात दोन दिवस चर्चा झालेली असते आणि आता ती हप्त्याने घ्यावी की नाही, एवढेच डॉक्टरांनी सांगायचे उरलेले असते. म्हणून आज औषधाऐवजी गादीचा विचार करू. माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो, तेव्हा हा विषय आरोग्याचाच आहे.

सार आधी सांगतो. सर्वांना मानवेल अशी एकच गादी नसते. तुमचे वजन किती, तुम्ही कोणत्या अंगावर झोपता आणि गादीतल्या फोमची घनता किती, या तीन गोष्टी पाहून निवड करावी. जाहिरात आणि किंमत यांचा नंबर त्यानंतर लागतो. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द विक्रेत्याचा आहे. ते डॉक्टरांचे प्रमाणपत्र नव्हे.

'कठीण तितकी चांगली' हा समज

पाठदुखीच्या रुग्णाला 'फळीवर झोपा' असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्यामुळे गादी जितकी कठीण तितकी पाठीला चांगली, हा समज घरोघर पक्का झाला. प्रत्यक्षात आपला कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेशी आणि कमरेशी तो पुढे वळलेला असतो, पाठीशी मागे. अगदी कठीण पृष्ठभागावर उताणे झोपले की खांदे आणि कुल्ले टेकतात, पण कंबर अधांतरी राहते आणि तिथल्या स्नायूंना पुरता विसावा मिळत नाही. उलट फार मऊ गादीत शरीराचा जड भाग, म्हणजे कुल्ले, खोल रुततात आणि माणूस झोळीत निजल्यासारखा वाकतो. दोन्हींचा परिणाम एकच, सकाळी उठताना कंबर धरते.

याबाबत एक चांगला अभ्यास स्पेनमध्ये झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला कठीण आणि दुसऱ्याला मध्यम कठीण गादी ९० दिवस वापरायला दिली. कोणाला कोणती दिली हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दिवसभराच्या हालचालीतली अडचण, तिन्हींत जास्त आराम पडला. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा कंबरदुखीवाल्यांनी सुरुवात मध्यम कठीण गादीपासून करावी, हे उत्तम.

फोमचे प्रकार

आपला खानदेश कापसाचा मुलूख. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन भरलेली गादी आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि ती वाईट मुळीच नाही. मात्र कापूस दबून त्याचे गोळे होतात. दरवर्षी-दोन वर्षांनी तो पिंजून घ्यावा लागतो आणि ते काम करणारे आता कमी झाले. म्हणून लोक फोमकडे वळले.

बाजारात सर्वांत जास्त मिळतो तो पॉलियुरेथेनचा साधा फोम. या रसायनाचा शोध १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी लावला. मध्यम किमतीत, योग्य घनतेचा घेतला तर बहुतेक घरांना हाच पुरतो.

दुसरा रिबॉन्डेड फोम. फोमचे तुकडे दाबून, चिकटवून तो बनवतात. हा वजनाने जड आणि बराच कठीण असतो. खालचा थर म्हणून चांगला. पण नुसता त्याच्यावर झोपणे सडपातळ माणसाला टोचते.

तिसरा मेमरी फोम. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेसाठी १९६६ साली विमानातील आसनांच्या कामातून तो निघाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. सांधे दुखणाऱ्यांना तो सुखाचा वाटतो; पण ऊब धरून ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पंख्याखाली झोपणाऱ्याने याचा विचार आधी करावा. चौथा लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम. चांगला आणि टिकाऊ, पण महाग.

एक प्रकार मात्र टाळावा. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात येतो तसा पांढरा, हलका, प्लॅस्टिकसारखा फोम काही स्वस्त गाद्यांत मधल्या थरात घालतात. नवीन असताना तो कडक लागतो, पुढे चेपतो आणि पुन्हा वर येत नाही. खोळीला चेन असेल तर ती उघडून आत काय आहे ते पाहावे. दुकानदार उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

तराजू खोटे बोलत नाही

फोमच्या दुकानात '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असे शब्द ऐकू येतात. डेन्सिटी म्हणजे घनता, एक घनमीटर फोमचे किलोमध्ये वजन. घनता आणि कठीणपणा एक नव्हेत. हाताने दाबून कळतो तो कठीणपणा. घनता कळत नाही, आणि गादी किती वर्षे टिकेल हे तर प्रामुख्याने घनतेवर ठरते. कमी घनतेचा फोमही नवीन असताना कडक लागू शकतो. फसगत होते ती इथेच.

यावर साधा उपाय आहे. गादी वजन करून घ्यावी. साध्या फोमचा एक घनफूट तुकडा ३२ घनतेचा असेल तर सुमारे ९०० ग्रॅम भरतो आणि ४० घनतेचा असेल तर सुमारे १ किलो १३० ग्रॅम. आता ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ४ इंच जाड गादी घ्या. ती होते ६ घनफूट. म्हणजे ३२ घनतेला फोमचे वजन साधारण साडेपाच किलो आणि ४० घनतेला पावणेसात किलो यायला हवे. खोळीचे वजन वेगळे. '४०' म्हणून विकलेली गादी खोळीसकट चार किलोच भरली, तर काय समजायचे ते समजावे. रिबॉन्डेड किंवा मिश्र थरांच्या गादीला मात्र हा हिशेब लावू नये.

कोणाला कशी?

*कुशीवर झोपणारे :* यांचा खांदा आणि कुल्ला थोडा रुतला पाहिजे. मध्यम किंवा किंचित मऊ गादी घ्यावी. उशी खांद्याच्या रुंदीइतकी जागा भरेल अशी. दोन गुडघ्यांत एक छोटी उशी घेतली तर कमरेला आराम पडतो.

*उताणे झोपणारे :* मध्यम कठीण गादी, पातळ उशी. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवावी.

*पालथे झोपणारे :* मऊ गादीत पोट रुतून कंबर उलटी वाकते. यांनी थोडी कठीण गादी आणि अगदी पातळ उशी घ्यावी. जमल्यास कुशीवर झोपण्याची सवय करावी. मान पिळली जात नाही.

*वजनाचा ठोकताळा :* साठ किलोपर्यंतच्या माणसाला २८ ते ३२ घनतेची चार इंची गादी पुरते. साठ ते ऐंशीपर्यंत ३२ ची पाच इंची. त्यापुढे ४० ची पाच-सहा इंची.

*गरोदर स्त्रिया :* शेवटच्या तीन महिन्यांत उताणे न झोपता कुशीवर झोपावे. त्यामुळे कठीण गादीवर यांचे हाल होतात. वर एक मऊ थर घालावा.

*वृद्ध माणसे :* यांच्यासाठी गादीपेक्षा पलंगाची उंची महत्त्वाची. काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकावेत आणि गुडघे काटकोनात राहावेत. काठ दबणारी, फार मऊ गादी नको. उठताना तोल जातो.

*अंथरुणाला खिळलेले रुग्ण :* जाड गादी आणली म्हणून काळजी संपत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचा आणि माकडहाड रोज पाहावे. त्वचा लाल होऊन तशीच राहू लागली की डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना हे विशेष लागू.

*तान्हे बाळ :* वर्षाच्या आतील बाळाला मऊ फोम मुळीच नको. नाक-तोंड रुतून श्वास कोंडू शकतो. सपाट, घट्ट अंथरूण, बाळ उताणे, आणि उशी नको. मग ती मोहरीची का असेना.

नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असला की एक अडचण येते. माझ्याकडे येणाऱ्या एका ट्रकचालकाचे वजन नव्वदच्या घरात, पत्नीचे अठ्ठेचाळीस. एकाच मोठ्या मऊ गादीवर ती बिचारी रात्रभर उतारावर झोपल्यासारखी त्याच्याकडे घसरे आणि सकाळी कंबर धरून उठे. त्यांनी दोन वेगवेगळ्या सिंगल गाद्या शेजारी-शेजारी घातल्या, त्याला ४० ची आणि तिला ३२ ची, आणि वर एक चादर. महागड्या डबल गादीपेक्षा खर्च कमीच आला.

पैसे वाचवण्याच्या युक्त्या

नवी गादी घेण्याआधी जुनी गादी एक आठवडा फरशीवर घालून झोपून पाहा. दुखणे कमी झाले तर दोष गादीचा नसून पलंगाच्या खचलेल्या फळ्यांचा असू शकतो. फळ्यांवर एक प्लायवूड टाकला की काम भागते. गादी फार कठीण वाटत असेल तर ती फेकू नका. वर कापसाची पातळ गादी किंवा इंच-दीड इंच मऊ फोम घाला. गादी बसली आहे का हे पाहायचे तर तिच्यावर आडवी दोरी ताणून धरा. मधला खड्डा दीड इंचाच्या आसपास गेला असेल तर ती बदलण्याची वेळ झाली.

तयार गादीऐवजी फोमच्या दुकानातून हव्या घनतेचा तुकडा मापाने कापून घेऊन खोळ शिंप्याकडून शिवली, तर बरेचदा स्वस्त पडते. खोळ सुती आणि चेनची शिवावी.

दुकानात गादीवर नुसते बसू नका. चपला काढून दहा मिनिटे नेहमीच्या पद्धतीने झोपा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उताणे झोपून कमरेखाली हात घाला. हात मोकळा आरपार जात असेल तर गादी कठीण, मुळीच शिरत नसेल तर मऊ, अंगाला लागून जात असेल तर बरोबर. कुशीवर झोपलात तर सोबतच्याने मागून पाहावे. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. हल्ली गुंडाळून खोक्यातून येणाऱ्या गाद्या घरपोच मागवता येतात. त्या परत घेण्याची अट काय आहे, वाहतूक खर्च कोणाचा, हे आधी वाचावे.

निगा

कापसाच्या गादीला ऊन द्यावे, फोमला मात्र कडक ऊन देऊ नये. तो पिवळा पडून भुसभुशीत होतो. सावलीत वारा द्यावा. दोन-तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी. घरात दमा किंवा सततच्या शिंका असतील तर अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे कारण असू शकतात. फोममध्ये ते होत नाहीत, हा गैरसमज आहे. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, गादीला घट्ट विणीची खोळ घालावी.

आणखी एक सूचना, जिवाची आहे. फोम झपाट्याने पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पलंगाजवळ मच्छर अगरबत्ती ठेवू नये आणि अंथरुणात विडी-सिगारेट ओढू नये.

जे दुखणे गादीचे नाही

सकाळी उठताना कंबर धरते, थोड्या वेळात सुटते, आणि पाहुणे म्हणून दुसरीकडे झोपलात तर बरे वाटते, असे असेल तर गादीवर संशय घ्यावा. पण सगळी कंबरदुखी अशी नसते. एका तरुण शेतकऱ्याने पाठदुखीसाठी वर्षभरात दोन गाद्या बदलल्या होत्या. दुखणे रात्री झोपेतून उठवी, संध्याकाळी बारीक ताप येई, वजन उतरत होते. तपासणीत मणक्याचा क्षय निघाला. औषधे पूर्ण घेतली आणि तो बरा झाला. क्षयाची ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन गाद्यांचे पैसे मात्र गेलेच.

तेव्हा रात्रीचे दुखणे, ताप, घटते वजन, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ ताठ राहत असेल तर मणक्याच्या सांधेवाताची तपासणी करावी. वयस्कर स्त्रीच्या पाठीत नुसते वाकल्याने अचानक कळ आली तर ठिसूळ हाडाची शंका घ्यावी. आणि पायातली ताकद कमी होऊ लागली, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात.

बाकीच्यांनी निश्चिंतपणे बाजारात जावे. जाताना घरातल्या प्रत्येकाचे वजन आणि झोपण्याची तऱ्हा एका कागदावर लिहून न्यावी आणि दुकानात तराजू मागावा.