सातशे वीस गुणिले पाचशे चाळीस

नव्या ई-लर्निंग कोर्सचं काम हाती आलं, की पहिल्या बैठकीत चर्चा होते ती निवेदकाच्या आवाजाची, रंगांची आणि लोगो कुठे बसवायचा याची. स्लाइड किती रुंद आणि किती उंच, हा विषय सहसा निघतच नाही. सॉफ्टवेअर उघडतं, कोरी स्लाइड समोर येते आणि काम सुरू होतं. तो आकार कुणीतरी आधीच ठरवलेला असतो, आणि तो कुणीतरी आपल्या क्लायंटला कधी भेटलेला नसतो.

‘आर्टिक्युलेट स्टोरीलाइन’ २०१२ मध्ये बाजारात आलं. पुढे कितीतरी वर्षं त्याची कोरी फाइल ७२० × ५४० पिक्सेलची, म्हणजे ४:३ प्रमाणातली उघडत असे. पॉवरपॉइंटची जुनी स्लाइड १० इंच रुंद आणि साडेसात इंच उंच होती. इंचाला ७२ पॉइंट धरले की नेमके हेच दोन आकडे येतात. कोर्स बनवणारे बहुतेक जण पॉवरपॉइंटवरच हात बसलेले, त्यामुळे ही जुळणी सोयीची होती. मग २०१३ च्या आवृत्तीत पॉवरपॉइंटनेच आपली कोरी स्लाइड १६:९ केली, १३.३३ × ७.५ इंच. तेव्हापासून एकाच कचेरीत एक जण रुंद स्लाइडवर स्टोरीबोर्ड लिहितो आणि शेजारचा तो चौकोनी फाइलीत उतरवतो, हे दृश्य नवं राहिलेलं नाही.

प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेलं एक काम असंच होतं. पुण्यातल्या एका छोट्या गटाकडे कारखान्यातल्या सुरक्षिततेचा इंग्रजी कोर्स मराठीत करायला आला. मूळ फाइल ४:३ होती. कोर्स दाखवायचा होता ट्रेनिंग रूममधल्या रुंद टीव्हीवर आणि १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर. अनुवाद झाला, आवाज रेकॉर्ड झाले, प्रश्नमंजूषा जोडल्या गेल्या. टीव्हीवर चाचणी घेतली तेव्हा दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले. ‘अगं, दोन आकडे तर बदलायचेत,’ असं म्हणत गटातल्या एकाने स्लाइडचा आकार बदलायला घेतला.

गणित आधी केलं असतं तर तो थांबला असता. ७२० × ५४० ची स्लाइड १२८० × ७२० मध्ये पूर्ण मावेल अशी वाढवली, तर ती ९६० × ७२० होते आणि दोन्ही बाजूंना १६०-१६० पिक्सेल रिकामे राहतात. रुंदी भरायचीच म्हटलं तर उंची ९६० होते आणि वरखाली मिळून २४० पिक्सेल कापावे लागतात. शीर्षक वरच्या पट्ट्यात असतं आणि ‘पुढे’चं बटण खालच्या! तिसरा मार्ग ताणण्याचा. त्यात रुंदी १.७८ पट होते आणि उंची फक्त १.३३ पट. हेल्मेट घातलेला कामगार बसका दिसतो आणि दाबमापकाची गोल तबकडी लंबगोल होते. कोर्स दाबमापक वाचायला शिकवणारा असेल, तर याहून वाईट काय?

गटाने पहिला मार्ग धरला आणि रिकामे पट्टे भरत बसला. मास्टर स्लाइडवर पार्श्वभूमी बदलली की ती सगळीकडे लागते, हे खरं. पण प्रत्येक स्लाइडवर हाताने ठेवलेले बाण, चौकटी, चित्रावरच्या क्लिकच्या जागा आणि त्यांचे लेअर मास्टरला जुमानत नाहीत. रुंद पडद्यासाठी मजकूर नीट पसरायचा, तर ते सगळं एकेक करून हलवावं लागतं. डिलिव्हरीची तारीख हुकली, आणि क्लायंटच्या लेखी हे नवं काम नव्हतंच.

उलट दिशेनेही फटका बसतो. यंत्राच्या कंट्रोल सॉफ्टवेअरचं स्क्रीन रेकॉर्डिंग १२८० × ७२० मध्ये केलं आणि ते ७२० × ४०५ च्या स्लाइडवर बसवलं, तर सगळं ५६ टक्क्यांवर येतं. १६ पिक्सेल उंचीचं अक्षर ९ पिक्सेलचं होतं. इंग्रजी मेनू तेवढ्यातही कसाबसा वाचता येतो. देवनागरीत मात्र आधी अनुस्वार जातो, मग रफार, आणि ‘घ’ की ‘ध’ हे अंदाजाने ठरवावं लागतं. शिवाय वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे आपल्या ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीतून मराठी मजकूर खाली डोकावतो तो त्यामुळेच. आकार ठरवताना नमुन्याला खरा मराठी परिच्छेद टाकून बघावा, इंग्रजी भरताड मजकूर नव्हे.

लॅपटॉप आणि टीव्हीसाठी १२८० × ७२० हा आज समंजस आकार आहे. पण १३६६ × ७६८ च्या पडद्यावर तो जसाच्या तसा मावेल, या भ्रमात राहू नये. ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी आणि खालचा टास्कबार बरीच उंची खातात. वर एलएमएसचा मथळा असतो, आणि प्लेअरचा बाजूचा मेनू चालू ठेवला तर रुंदीही जाते. मग प्लेअर स्लाइड आक्रसून दाखवतो. स्कॉर्म हे मानक यात मदतीला येत नाही. ते गुण आणि पूर्णतेची नोंद पोहोचवतं, आकाराशी त्याचा संबंध नाही. आणखी एक हिशेब: १२८० × ७२० मध्ये ७२० × ४०५ च्या तिपटीहून अधिक पिक्सेल असतात. पूर्ण पडद्याचे फोटो आणि व्हिडिओ भरपूर असतील, तर तालुक्याच्या गावातल्या नेटवर त्याची किंमत मोजावी लागते.

आकार ठरला की तो कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. पॉवरपॉइंटमध्ये ‘डिझाइन’खालच्या ‘स्लाइड साइझ’मध्ये आकार बदलावा, ‘सेव्ह करंट थीम’ने थीम जतन करावी आणि तिच्यावर राइट क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट थीम’ निवडावं. पुढची प्रत्येक कोरी फाइल त्याच आकाराची उघडते. ‘आयस्प्रिंग’ पॉवरपॉइंटच्या आतच चालत असल्यामुळे त्याचंही काम यातच होतं. स्टोरीलाइनमध्ये ‘स्टोरी साइझ’ ठरवून, मास्टर आणि फॉन्ट लावून फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करावी आणि सगळ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. जुन्या कॅप्टिव्हेटमध्ये ‘रिस्केल प्रोजेक्ट’ एकदा केलं की ‘अनडू’ चालत नाही. तिथे आधी फाइलची प्रत काढलेली बरी.

४:३ कायमचं बाद झालंय असं मात्र नाही. २०१० चा पहिला आयपॅड १०२४ × ७६८ होता, आणि ज्या संस्थांनी प्रशिक्षणासाठी ४:३ टॅब्लेट वाटलेत, तिथे जुना कोर्स रुंद करणं म्हणजे वरखाली पट्टे विकत घेणं. आणि शिकणारे फोन उभा धरूनच बघणार असतील, तर ठरावीक आकाराच्या स्लाइडचा आग्रह सोडावा आणि ‘राइज’सारख्या, मजकूर पडद्यानुसार वाहणाऱ्या साधनाकडे वळावं.

हे सगळं विचारायची जागा कोटेशनमध्ये आहे. कोर्स कोणत्या पडद्यावर दिसणार, स्लाइडचा आकार किती, आणि काम सुरू झाल्यावर तो बदलला तर दर काय, एवढं त्यात लिहून खाली क्लायंटची सही घ्यावी. पुण्यातला तो गट आता तसंच करतो.