आज कमी, उद्या जास्त

कानातला आवाज दिवसभर एकसारखा राहिला असता, तर सुरुवातीचे महिने मला इतके जड गेले नसते. तो वरखाली व्हायचा. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, नळाचं पाणी, डब्यांची घाई यांत तो सापडायचाही नाही आणि मनात यायचं, गेला बहुतेक. रात्री उशीवर डोकं टेकलं की डाव्या कानात कुंईऽऽ असा बारीक, धारदार सूर पुन्हा हजर. असा गेलासा वाटून परत येणारा त्रास माणसाला फार खचवतो. ज्यांच्या कानात नुकताच असा आवाज सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी डॉक्टरांकडचं. आवाजासोबत एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल, म्हणजे रोजच्या कानाला फोन लावला आणि पलीकडचं बोलणं धड कळेना, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. ‘सर्दीने दडे बसले असतील’ म्हणून आठवडा घालवू नका. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल, तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त; पहिले दोन आठवडे हातचे गेले की ती बरीच कमी होते. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धपधप होत असेल, आवाज एकाच कानात असेल, किंवा कान गच्च होऊन भोवळ येत असेल, तर तेही लवकर दाखवावं. माझा आवाज फक्त डाव्या कानात, म्हणून एमआरआय सांगितला. काही निघालं नाही. पण ते यंत्र मोठा आवाज करतं, तेव्हा आत जाण्याआधी कानासाठी बोळे आणि वरून हेडफोन आठवणीने मागून घ्या.

कधी कधी कारण अगदी साधं असतं: मळ. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, काडीने आणखी आत ढकलू नये. आमच्या सासूबाई मायेपोटी लसूण घालून तेल गरम करायला निघाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, “आई, तेल नको, पडद्याला भोक असेल तर उलट आत जाईल.” त्यांनी ऐकलं. आवाजाचं मूळ बहुतेक वेळा आतल्या कानात असतं, आणि धड पडद्यापलीकडे तेल पोचतच नाही. घरातल्या सगळ्या गोळ्याही डॉक्टरांपुढे ठेवा. ॲस्पिरिनचे मोठे डोस, स्ट्रेप्टोमायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं, सिसप्लॅटिनसारखी कर्करोगावरची औषधं यांनी कानात आवाज येऊ शकतो. मात्र स्वतःच्या मनाने कुठलंही औषध बंद करू नका.

मग ऐकण्याची तपासणी. कोंदट, बंद खोली, कानावर हेडफोन आणि हातात एक बटण; ‘पीं’ ऐकू आलं की दाबायचं. दार लागलं आणि माझा सूर एवढा मोठा झाला की ‘पीं’ कुठली आणि माझी कुंई कुठली, हेच कळेना. बाहेर आल्यावर ऑडिओलॉजिस्ट बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, ही खोली प्रत्येकाला असंच करते.” १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी ऐकणं उत्तम असलेल्या ८० जणांना निःशब्द खोलीत बसवलं होतं, त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. कुणाला गुणगुण, कुणाला शिट्टी. हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. कुंई म्हणजे माझ्या मेंदूत काही सडतंय, असं मी धरून बसले होते.

माझ्या आलेखात डाव्या कानाची रेघ ६००० हर्ट्झजवळ खाली आली होती. शंखासारख्या आतल्या कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की नव्या येत नाहीत. एखाद्या पट्टीतल्या पेशी कमी झाल्या की कानाकडून येणारा संदेश तिथे क्षीण होतो आणि मेंदू तो पकडायला आपली ग्रहणशक्ती वाढवतो, असं आज मानलं जातं. आकाशवाणी केंद्र नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि बातम्यांऐवजी खरखरच मोठी होते, तसं.

पण मग सोमवारी कमी आणि मंगळवारी जास्त का? १९९० साली पावेल यास्त्रेबॉफ यांनी मांडलं, की आवाज असणं आणि आवाजाचा त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूने त्या सुराला ‘धोका’ असा शिक्का मारला की तो सारखा त्याच्यावर नजर ठेवतो, आणि जिथे नजर तिथे आवाज मोठा. अपुरी झोप, काळजी, सर्दीने भरलेला कान, रात्री दात आवळण्याची सवय, यांपैकी काहीही त्याला वर ढकलतं. तुम्ही जबडा पुढे काढलात आणि सूर बदलला, तर घाबरू नका. जबडा-मानेच्या नसा आणि ऐकण्याच्या नसा मेंदूत एकमेकींजवळ भेटतात. एका दिवसाची चढण म्हणजे आजार वाढला, असं नसतं. सुरुवातीच्या काळात नेमकं हेच पटत नाही, आणि माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

म्हणून दर तासाला आवाजाला एक ते दहा गुण देणारी वही ठेवू नका. पहिल्या भेटीआधी डॉक्टरांना दाखवण्यापुरती ती ठीक आहे. पुढे तीच माणसाला कान देऊन बसायला लावते. लिहायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, तेही झोप किती झाली आणि काय काय करता आलं, एवढंच.

घरच्यांनाही हे सांगावं लागतं. माझा मुलगा रोज संध्याकाळी दप्तर टाकता टाकता विचारायचा, “आई, आत्ता वाजतंय का गं?” किती प्रेमाने विचारायचा! पण तो विचारेपर्यंत वाजत नसलेलं त्या क्षणी वाजायला लागायचं. मग आमचं ठरलं, त्याने कानाचं विचारायचं नाही, “आज काय केलंस?” विचारायचं. या एका बदलाने मला जितकं बरं वाटलं, तितकं कुठल्याही गोळीने वाटलं नाही.

गोळ्यांचंही सांगते. जिंको नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या फार सुचवल्या जातात. पुरावे तपासणाऱ्यांना त्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. आवाज बंद करणारं खात्रीचं औषध आज नाही, त्यामुळे तशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. त्रास कमी करण्यात सर्वांत भक्कम आधार आहे तो विचार-वर्तन उपचाराचा, म्हणजे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांसोबत बसून त्या ‘धोका’ शिक्क्यावर काम करण्याचा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही अनेकांचा त्रास उतरतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ऑडिओलॉजीचा विभाग असतो.

रात्रीसाठी शांतता नको. पंखा चालू ठेवा, किंवा तानपुऱ्याचं ॲप अगदी हळू लावा. त्याचा आवाज कानातल्या सुराहून किंचित खालीच असावा. सूर पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय व्हायला वावच मिळत नाही. घरातल्या शांततेत कानात बोळे घालून बसू नका, त्याने कान हळवा होतो. बोळे ठेवायचे ते मिरवणुकीसाठी आणि लग्नाच्या डीजेसाठी. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुलामुलींनी तर सरावालाही बोळे घालावेत, हे मी हात जोडून सांगते. सरावानंतर रात्री कान वाजतो आणि सकाळी थांबतो, ही कानाने दिलेली सूचना असते.

आणि एखाद्या रात्री जगणंच नकोसं वाटलं, तर एकट्याने झुंजू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. शेजारी झोपलेल्या माणसालाही उठवा.

आवाज वाढलेल्या दिवशी नवा डॉक्टर, नवं पथ्य, नोकरी सोडणं, यांतलं काहीच ठरवू नये. ठरलेली कामं थोडी हलक्या हाताने करा, झोपेची वेळ पाळा आणि दोन-चार दिवस जाऊ द्या. बहुतेक वेळा सूर आपोआप खाली येतो. फक्त त्या वाढीबरोबर ऐकू येणं घटलं, भोवळ आली किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटली, तर हे दोन-चार दिवस तुमच्यासाठी नाहीत. थेट दवाखान्यात जा.