लॅपटॉपचा आवाज सुधारायला खर्च किती?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि वायसीएम रुग्णालयामुळे भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार भरपूर. लेक्चर, नाटक, घरचा व्हिडिओ कॉल, सगळं एकाच लॅपटॉपवर. आवाज पत्र्यासारखा वाटू लागला की पहिला विचार येतो स्पीकर बदलण्याचा. पण स्पीकर फाटलेला नसेल, तर या कामाला बहुधा एक रुपयाही लागत नाही.

स्पीकर फाटलाय का, हे आधी तपासा. यूट्यूबवर 100 ते 1000 हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा स्वर मिळतो, तो मध्यम आवाजात लावा. एखाद्या ठिकाणी खरखर झाली आणि आवाज कमी केल्यावरही ती राहिली, तर स्पीकरचा पडदा फाटलाय किंवा काहीतरी सैल झालंय. तिथे सॉफ्टवेअर कामाचं नाही. बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. गादीवर ठेवलात तर आवाज गादीच खाते. तपासणी टेबलावरच करा.

विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ घ्या. मुक्त स्रोत आहे, मोफत आहे. बसवताना लॅपटॉपचा स्पीकर निवडायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. सरकपट्ट्या हव्या असतील तर त्याच्या जोडीला ‘पीस’ मिळतं, तेही फुकट. लिनक्सवर ‘इझी इफेक्ट्स’. त्याला पाइपवायर ही ध्वनिव्यवस्था लागते आणि उबंटूत ती 22.10 पासून मुळातच असते. विंडोज काढून लिनक्स टाकल्यावर आवाज अचानक पातळ होतो, अशी तक्रार अनेकांची असते. कंपनीने केलेली आवाजाची दुरुस्ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच राहून गेलेली असते, हे त्याचं एक मोठं कारण.

आता सेटिंग. बहुतेक जण थेट बास वाढवतात, आणि नेमकं तेच करू नये. 3 डेसिबल वाढवले की स्पीकरला साधारण दुप्पट शक्ती लागते, 12 वाढवले की सोळापट. दोन वॅटच्या स्पीकरला हे झेपत नाही. उलट 120 हर्ट्‌झच्या खालचं सगळं हायपास फिल्टरने कापा. जे त्याला वाजवताच येत नाही त्यात त्याची ताकद वाया जाते. मग 800 हर्ट्‌झच्या आसपास 2–3 डेसिबल कमी करा, डब्यातून आल्यासारखा घुमारा जातो. शब्द स्पष्ट ऐकू यायला 3000 हर्ट्‌झजवळ 2 डेसिबलची वाढ पुरते. जेवढं जास्तीत जास्त वाढवलंत, तेवढाच प्रीॲम्प (म्हणजे सुरुवातीची एकूण पातळी) उणे करा. इझी इफेक्ट्समध्ये इफेक्ट्सच्या साखळीच्या शेवटी लिमिटर ठेवाच. आकडे मॉडेलप्रमाणे थोडे हलतील. तबल्याच्या ओळखीच्या ध्वनिमुद्रणावर कान ठेवून ठरवा.

डग्ग्याचा खोल स्वर मात्र इतक्या लहान पडद्यातून येणारच नाही. इझी इफेक्ट्समधला ‘बास एन्हान्सर’ त्या स्वराचे वरचे उपस्वर तयार करतो आणि मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो. थोडाच वापरा, जास्त झाला की गाणाऱ्याचा गळा बसल्यासारखा वाटतो.

स्पीकर जपण्याची गोष्ट मी उगाच ताणत नाही. ॲपलच्या मॅकबुकवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही’ प्रकल्पाने स्पीकर तापून जळू नयेत म्हणून आवाज आवरणारा वेगळा प्रोग्राम लिहिला, आणि तो तयार होईपर्यंत स्पीकर बंदच ठेवले होते.

इतकं करूनही समाधान झालं नाही, तर यूएसबी स्पीकरची जोडी घ्या. साध्या जोड्या हजार रुपयांच्या आत मिळतात आणि लॅपटॉप बदलला तरी कामी येतात. आतला स्पीकर बदलायचा तो फक्त फाटला असेल तर. दर मॉडेलवर ठरतो, म्हणून पिंपरीतल्या दोन दुकानांत विचारा. सुटा भाग मूळ कंपनीचा की जुळणारा, मजुरी वेगळी किती, वॉरंटी किती दिवसांची, हे लॅपटॉप उघडण्याआधी लिहून घ्या आणि पक्कं बिल मागा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर बाहेर उघडूच देऊ नका, आधी कंपनीच्या सेवा केंद्रात न्या.

हेडफोन लावाल तेव्हा ही सेटिंग बंद हवी, नाहीतर चांगल्या हेडफोनचाही खालचा स्वर कापला जाईल. इझी इफेक्ट्समध्ये प्रत्येक उपकरणाला वेगळं प्रीसेट आपोआप लागण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी लावून घ्या.