ऋतुप्राप्तीचा आरंभकाळ

“मुलीस पहिली पाळी आली आणि पुढे दोन महिने काहीच नाही; तिला काही रोग तर जडला नाही ना?” अशी शंका कित्येक माता आम्हांस दबक्या आवाजात विचारतात. बहुधा तसे काही नसते, हे त्यांस आरंभीच सांगितले पाहिजे.

पुष्कळ मुलींस बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येऊ लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी आपल्या रसाच्या द्वारे बीजकोशांस प्रेरणा देते व त्यांच्या परस्पर मेळाने हे चक्र चालते. हा मेळ एका दिवसात बसत नाही. प्रारंभी कित्येकदा बीज बाहेरच पडत नाही, म्हणून स्राव कधी लवकर तर कधी उशिरा होतो. आमच्या भिवंडीत हे समजावयास कठीण नाही. नव्या मागावर ताण जुळेपर्यंत सूत वारंवार तुटते. पुढे कापड सुरळीत उतरते.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस जाणे ह्या वयात स्वाभाविक होय; पहिल्या वर्षी एखादे वेळी अधिकही जातात. दोन-तीन वर्षांत बहुतेकींच्या पाळीस नियमितपणा येतो.

तथापि तीन महिने पाळी न येणे, सात दिवसांहून अधिक स्राव होणे, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, शाळा बुडेल इतके पोट दुखणे, चेहरा फिकट पडून धाप लागणे, किंवा पंधरावे वर्ष पुरे होऊनही पाळी सुरूच न होणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास मुलीस डॉक्टरांकडे न्यावे. येथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय दूर नाही.

खाडीपलीकडील कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे व्याख्यान दिले. स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरांस सांगण्यास संकोचतात, म्हणून ह्या देशास स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तेथे प्रतिपादिले. आणि १८८६ साली अमेरिकेत स्वतः वैद्यकाची पदवी मिळविली. आज स्त्री-डॉक्टर आहेत, परंतु संकोच अद्याप घरातच बसला आहे. मुलगी आपल्या आईशीही बोलत नसेल, तर डॉक्टरांपर्यंत तिची व्यथा पोहोचावी कशी?

म्हणून मुलींनो, प्रत्येक पाळीची तारीख एका लहान वहीत टिपून ठेवा आणि ती आईस दाखवा. मातांनो, ती वही पाहताना कपाळास आठी घालू नका. आणि पित्यांनो, मुलीस डॉक्टरांकडे नेण्याचा प्रसंग आला, तर “बायकांची गोष्ट” म्हणून तोंड फिरवू नका.